प्रज्ञेशची किल्ली

माणूस ओळखण्यात कांता ओव्हाळ चुकत नाही, हे आमच्या अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. महापालिकेच्या हॉस्पिटलात जन्म काढला मी. शेवटची वर्षं वॉर्डची सिस्टर इनचार्ज होते. पेशंट खरा कण्हतोय की सोंग करतोय, नातेवाईक रडतोय की नुसता नाक ओढतोय, मला पडद्याआडून कळायचं. नवे डॉक्टर मला वचकून असायचे. आणि अशी मी, भरदुपारी, माझ्या हातानं चेन काढून तो माणूस घरात घेतला. वर त्याला पाणी दिलं. दुसऱ्या कुणा बाईनं हे सांगितलं असतं ना, तर मी तिला तोंडावर विचारलं असतं, 'बाई, डोकं काय गहाण टाकलं होतंस का?'

आम्ही खराडीत राहतो, चौथ्या मजल्यावर. फ्लॅट माझ्या मुलानं घेतलेला, प्रज्ञेशनं. त्याचं ऑफिस इथून जवळ होतं. संध्याकाळी लॅचमध्ये किल्ली फिरायची आणि दार ढकलता ढकलताच तो ओरडायचा, "जयभीम, बाबा!" आतून हे तेवढ्याच जोरात, "जयभीम! आलास?" संपलं. मग हा मोबाइलमध्ये, ते टीव्हीत. बापलेकांचं सगळं बोलणं तेवढ्यात उरकायचं. मी चिडवायचे, "झालं का भाषण दोघांचं?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्रज्ञेश गेला. ॲम्ब्युलन्समध्ये चढला तो परत घरी आलाच नाही. मला निदान ओळखीपाळखीनं काचेतून तोंड दिसलं, यांना तेवढंही नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला चार माणसं, तीही तोंडाला फडकी बांधून. यांनी ना त्याला पाहिलं, ना उचललं, ना माती दिली. मग पुढच्या वर्षी यांचं विसरणं सुरू झालं आणि सगळ्यात आधी काय विसरले, तर मुलगा गेला हे.

हे म्हणजे माझे मिस्टर, पोपटराव. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. तरणेपणी तालमीत जायचे, अजून खांदे तसेच आहेत. डोक्यात मात्र रोज थोडं थोडं पुसलं जातं. जेवलो की नाही ते आठवत नाही, बाथरूम सापडत नाही. एकदा मी म्हटलं, "अहो, प्रज्ञेश नाही हो आता," तर असे चवताळून अंगावर आले, आणि झोक जाऊन टीपॉयवर आपटले. कपाळाला टाके पडले. त्यानंतर मी तो विषय बंद केला. ते म्हणतात, "अजून आला नाही," मी म्हणते, "येईल."

मला मात्र विसरले नाहीत ते. स्वतःचं आडनाव चुकेल, पण "कांता" अशी हाक बरोबर यायची. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू तेही जाईल. मी म्हटलं, बघू. बाहेरून कितीही खमकी दिसले तरी मला जगात भीती तेवढ्या एकाच गोष्टीची होती. ज्या दिवशी हे माझ्याकडे परक्या बाईसारखं बघतील, त्या दिवसाची.

दाराशेजारी भिंतीला खुंटी आहे. तिच्यावर प्रज्ञेशची किल्ली टांगलेली असायची, लाकडी पिंपळपानाची साखळी लावलेली. अजिंठ्याला ट्रिपला गेला होता तेव्हा आणलेली. हॉस्पिटलनं त्याच्या सामानात परत दिली ती. मी कपाटात ठेवली की हे शोधून परत खुंटीला लावायचे. मी नाद सोडला.

दाराची मी पुष्कळ काळजी घ्यायचे हो. चेन होती, बाहेर बघायची दुर्बीण होती. म्हाताऱ्यांना कसं लुबाडतात त्याचे मेसेज मैत्री रोज पाठवायची. मैत्री माझी मुलगी, हडपसरला सासरी असते, आयटीत आहे. गेटवर कोणी आलं की सोसायटीच्या ॲपवर विचारणा येते, ती तिच्याच मोबाइलवर जायची. मला म्हणाली, "आई, तुला ते जमायचं नाही, मी बघते." मी पण म्हटलं, बघ बाई.

त्या दिवशी यांचं जेवण उरकलं होतं. भांडी ओट्यावर तशीच होती, मी जरा पाठ टेकावी म्हणत होते. तेवढ्यात बेल वाजली. हे ताडकन उठले.

"प्रज्ञेश आला."

"बसा खाली. तो बेल कशाला वाजवेल? त्याच्याकडे किल्ली असते ना."

हे माझं नेहमीचं उत्तर. हे ऐकलं की ते गप बसायचे. तसे बसले.

दुर्बिणीतून पाहिलं. निळा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात हत्यारांची पिशवी. पोरगा तिशीतला, भांग पाडलेला, नीटनेटका. मी चेन लावूनच दार उघडलं.

"काय पाहिजे?"

"पाइप गॅसची तपासणी आहे, आई. वर्षातून एकदा करतात."

"आम्ही बोलावलं नाही."

"बोलवावं नाही लागत. गेटवरून ॲपवर मैत्री मॅडमनी ओके केलंय."

मैत्रीचं नाव घेतलं त्यानं. तरी मी म्हटलं, "थांब तिथंच," आणि मैत्रीला फोन लावला. तिनं कट केला, 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. या पोरींच्या मीटिंगा म्हणजे! मी परत दाराशी आले, त्याला उद्या ये म्हणून सांगायला. तो आमच्या चौकटीकडे बघत होता. तिथे पंचशील ध्वजाचं स्टिकर आहे, प्रज्ञेशनंच लावलेलं. त्यानं पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "जयभीम, आई. आधीच म्हणायला पाहिजे होतं, चुकलो."

आता हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. परगावच्या स्टँडवर, कुठल्या परक्या कचेरीत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कुणी हळूच म्हणतं, "जयभीम, सिस्टर," आणि जीव भांड्यात पडतो. आपलं माणूस आहे. या एका शब्दावर मी किती जणांना बेड मिळवून दिलाय, आणि गर्दीत किती जणांनी मला हात धरून पुढे नेलंय. त्या शब्दाला मी कधी ओळखपत्र मागितलं नव्हतं. मी चेन काढली.

त्यानं बूट दाराबाहेर काढले, जोडून ठेवले. हॉलमध्ये बुद्धांचा फोटो आहे, त्याच्यासमोर वाकला. मी मनात म्हटलं, चांगल्या घरचा दिसतो. मग तो वळला आणि यांना म्हणाला, "जयभीम, बाबा."

हे हळूहळू उठले. तोंडावर असं काही आलं की मला बघवेना.

"आलास?" म्हणाले. "किती उशीर रे. किती उशीर!"

मी त्या पोराला बाजूला घेतलं. कुजबुजले, "त्यांना समजत नाही रे. आमचा मुलगा गेला कोरोनात. तो असाच म्हणायचा आल्यावर. तू वाईट वाटून घेऊ नको." सगळं सगळं सांगितलं मी. त्याला जे जे लागणार होतं ते मीच हातात दिलं.

"असू दे आई," तो म्हणाला. "त्यांना बरं वाटतंय ना? मी हो म्हणतो." आणि मोठ्यानं, "हो बाबा, ट्रॅफिक होतं."

"नगर रोडला असणारच," हे म्हणाले, आणि हसले. कित्येक महिन्यांत हे असे हसले नव्हते. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, त्या मेल्याला मी मनातून आशीर्वाद दिला.

पाणी पिऊन तो माझ्यामागून किचनमध्ये आला. शेगडी बघितली, पाइपला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे बघत चुकचुकला. मग मला ड्राय बाल्कनीत नेलं. तिथे गॅसच्या पाइपला पिवळा कॉक आहे. "आई, हा असा दाबून धरा. लीकेज आहे थोडं. मी आतून लाइन तपासतो. मी सांगेपर्यंत सोडू नका हां. सोडला तर गॅस सुटेल, आणि बाबा घरात आहेत."

बाबा घरात आहेत म्हटल्यावर मी तो कॉक असा धरला की बोटं पांढरी पडली. तो आत गेला. हॉलमधून यांचा आवाज येत होता, मग हसणं, मग पावलं. मी पाइपचा वास घेत उभी. वास काही येत नव्हता. खाली मुलं सायकली फिरवत होती.

मग आतून करकर असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाचं दार.

गॅसची लाइन बेडरूममध्ये जातच नाही.

हे एकदाचं डोक्यात आलं. आणि सगळ्यात भयंकर काय सांगू, कॉक काही हातातून सुटेना. लीकेज वगैरे काही नाही, आपल्याला येडं बनवून इथे उभं केलंय, हे कळत होतं. पण वाटत होतं, असलंच तर? सोडला आणि खरंच गॅस सुटला तर? बाबा घरात आहेत. मी एकेक बोट उचललं, शाळेतल्या पोरीसारखं. काही झालं नाही. नुसता कॉक होता तो.

माझा मोबाइल हॉलमध्ये होता, आणि हॉलला जायचं म्हणजे बेडरूमच्या दारावरून. चपला काढल्या, भिंतीला धरून निघाले. आयुष्यात इतक्या रात्रपाळ्या केल्या, वॉर्डात दारुडे हाताळले, कधी अशी भिंत धरावी लागली नव्हती. दाराशी आले आणि तिथेच खिळले.

हे पलंगाच्या कडेवर बसले होते. मांडीवर माझा लाल मखमली बटवा. त्यातली बोरमाळ यांनी स्वतः बाहेर काढली होती आणि त्याच्या हातात देत होते. "ही तुझ्या आईनं तुझ्या बायकोसाठी ठेवलीय. ने तू. घरात ठेवून काय करायचंय?"

तो यांच्या मागे उभा होता. एक हात यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पाइप खोलायचा मोठा पाना.

मला बघून त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. त्याचीच मला जास्त दहशत बसली. तसाच गोड, तसाच नीटनेटका. "आई, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला कॉक धरायला सांगितला होता ना?" म्हणाला, आणि पाना उचलून यांच्या खांद्यावर टेकवला, कानाजवळ. यांच्या कानशिलावर पिकलेले केस आहेत, त्यांना तो लागत होता.

"कांता, बघ तरी कोण आलंय!" हे म्हणाले.

मी ओरडणार होते. पण ओरडून काय होणार होतं? समोरच्या फ्लॅटमधली शेफाली ऑफिसला, वॉचमन चार मजले खाली. त्याला फक्त हात एकदा फिरवायचा होता. आणि हा आपला मुलगा नाही असं मी म्हटलं असतं तर? हे चवताळून उठले असते. त्या खांद्यांनी त्याच्याशी झोंबले असते. यांची कवटी फुटताना मी बघितली असती. माझ्या डोळ्यांसमोर ते अगदी लख्ख आलं. टीपॉयवर पडले होते तेव्हाचं रक्त मीच पुसलं होतं.

मी म्हटलं, "हो. प्रज्ञेश आलाय."

पोटच्या पोराचं नाव मी त्या मुडद्याला दिलं. जीभ कशी झडली नाही माझी.

त्याला कळलं, आता ही म्हातारी आपल्या हातात आहे. यांना कळलं, आता सगळं ठीक आहे. हे खुशीत म्हणाले, "आणि पाटल्या गं? त्या पण दे त्याला."

"त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत," मी म्हटलं. भीतीनं खरंच बोलून गेले. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग आणून ठेव. पुढच्या वेळी नेईल. नेशील ना रे?"

"येईन ना बाबा," तो म्हणाला, माझ्याकडे बघून. "परत येईन."

मग त्यानं माझ्या गळ्याकडे डोळ्यांनी खूण केली. मी मंगळसूत्र काढायला लागले. फासा लवकर सुटेना. हे बघत होते, आणि यांच्या कपाळावर आठी पडायला लागली. ती आठी मला माहीत आहे. तिच्यानंतर काय होतं तेही माहीत आहे.

"ते कशाला काढतेस?"

"वाटी सैल झालीय," मी म्हटलं. "दुरुस्तीला नेतोय तो."

"मग ठीक," हे म्हणाले. आठी गेली.

तो निघाला तर हे आडवे आले. न जेवता जायचं नाही! भाकरी आहे, कालवण आहे, कांता गरम करेल. दारात हात पसरून उभे राहिले. तो दोनदा हसून नाही म्हणाला. तिसऱ्यांदा हसला नाही. पान्यावरची बोटं आवळली गेलेली मी पाहिली.

"अहो, जाऊ द्या त्याला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मीटिंग आहे त्याची. बाळा, जा तू. जा लवकर."

"तुमची मीटिंग म्हणजे..." हे कुरकुरले, आणि बाजूला झाले. मला त्यानं बोटानं खाली बस म्हणून खुणावलं. मी पलंगावर बसले. हे त्याला पोचवायला दारापर्यंत गेले. मला नुसतं ऐकू येत होतं. बूट घालणं. यांचं काहीतरी पुटपुटणं. मग "जयभीम, बाबा," आणि यांचं, "जयभीम! लवकर ये." दार लागलं.

मी धावले. कशी धावले माहीत नाही. आधी कडी घातली, मग चेन, मग यांचं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपलं, मान, कानामागे, खांदे. कुठे काही नव्हतं. "अगं काय करतेस, गुदगुल्या होतात," हे म्हणाले. तिथेच दाराशी खाली बसले मी आणि हुंदके देऊन रडले. हे माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "रडतेस काय कांता? येईल ना तो परत."

मैत्री धावत आली. वॉचमन गेनबा आला, पोलीस आले. मैत्री भिंतीला टेकून म्हणत होती, "मला वाटलं तू बोलावलंस, आई. मला वाटलं तूच बोलावलंस." दिवसभर भाजीवाला, कुरियर, दूध, सारख्या विचारणा येतात, ती काम करता करता हिरवं बटण दाबते. मला वाटलं तिनं बोलावला, तिला वाटलं मी. बोलावला कुणीच नव्हता. कॅमेऱ्यात म्हणे टोपी आणि मास्क दिसला. इतका नीट भांग पाडलेला, तो टोपीखाली गेला.

पोलिसांनी विचारलं, "आजी, ओळखीतला होता का?" मी बोलायच्या आत हे छाती पुढे काढून म्हणाले, "ओळखीतला काय? माझा मुलगा आहे." त्या साहेबांनी खाली बघितलं. भला माणूस असावा.

मग हे मला म्हणाले, "बिचारा किल्ली विसरून गेला होता. बघ ना, इथेच होती. म्हणून त्याला बेल वाजवावी लागली. मी दिली त्याला."

मी खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

'तो बेल कशाला वाजवेल? त्याच्याकडे किल्ली असते ना.' माझंच वाक्य. रोज रोज सांगून मीच त्यांच्या डोक्यात घातलेलं. बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं राहिलं.

त्याच संध्याकाळी कुलूपवाल्याला बोलावून लॅच बदललं. हे त्याच्या पान्याला हात घालत होते. "अरे बाबा, नको. त्याची किल्ली लागणार नाही मग. तो आत कसा येईल?" मैत्रीनं त्यांना धरून ठेवलं. कुलूपवाला गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही बसवा हो."

तेव्हापासून माझं दुपारचं झोपणं गेलं. लिफ्टचं दार वाजलं की मी उठून बसायचे. कुकरची शिट्टी झाली तरी जाऊन कडी तपासायचे. विहारातल्या एका बाईंचा फोन आला, त्या म्हणाल्या, "जयभीम, कांताताई," आणि माझ्या हातातून फोन पडला. बघा तर! ज्या शब्दानं आजवर धीर दिला तो कानावर आला की आता अंगाला काटा यायला लागला. सोन्याची मला एवढी हळहळ नाही वाटली. याची वाटली.

मैत्री म्हणाली, आमच्याकडे चला. हे ऐकेनात. "तो आला आणि घरात कुणी नसलं तर?" हेच एक. किचनमधलं स्टूल आणून यांनी दाराशी मांडलं आणि तिथेच बसायला लागले, सकाळपासून. मी ओरडायचे, विनवायचे. जेवण पण तिथेच. मी मनाशी म्हणायचे, येतोय कशाला तो परत? पोलिसांत गेलोय हे त्याला काय कळत नाही? पण मध्येच आठवायचं, पाटल्या. "परत येईन." आणि ते बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं होतं.

तो आला. दुपारचाच आला.

बेल वाजली नाही. मी यांना ताक देत होते, स्टुलावरच. लॅचमध्ये किल्ली सरकल्याचा आवाज झाला. कर्र. थोडी फिरली, अडली. बाहेर काढली, परत घातली. पिंपळपानाचं लाकूड दारावर टकटक आपटत होतं. तो आवाज तर माझ्या हाडात भिनलेला. इतकी वर्षं संध्याकाळी ऐकलेला.

हे उभे राहिले. तोंडावर तोच आनंद. "आला!" म्हणायला तोंड उघडलं आणि मी माझा पंजा त्यांच्या तोंडावर दाबला. ताकाचा पेला खाली पडला. बाहेरची किल्ली थांबली.

"बाबा?" बाहेरून आवाज आला. अगदी हळू. "जयभीम, बाबा. कुलूप बदललं का? उघडा ना."

हे माझ्या हाताखाली धडपडायला लागले. त्या खांद्यांचं बळ मला कसं आवरलं, मला ठाऊक नाही. पेशंटला पकडतात तसं मी त्यांना मागून कवटाळून भिंतीला दाबलं. ते माझ्या हाताला चावले. मी सोडलं नाही. इंटरकॉम समोरच्या भिंतीला होता, तिथवर हात पोचत नव्हता. कडी यांच्या खांद्याच्या वरच होती, यांची बोटं तिच्याकडे जात होती.

"आई," बाहेरून आवाज आला. "मी आहे. उघड."

आता काय सांगू? ती किल्ली, ते पिंपळपान, आणि 'आई, मी आहे'. भीतीनं मी अर्धमेली झाले होते, सगळं माहीत होतं मला, आणि तरीसुद्धा एक क्षण माझाच हात कडीकडे गेला. माझाच. मग तो मी परत यांच्या तोंडावर दाबला आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला कळलं नाही. लिफ्ट वाजली. समोरची शेफाली फोनवर मोठ्यानं बोलत बाहेर आली, तशी जिन्यावरून भराभर उतरणारी पावलं ऐकू आली. मी इंटरकॉमवर गेनबाला ओरडून सांगितलं. तो धावला. पण मागच्या गेटनं निसटला म्हणे तो, आलाही तिथूनच. पायरीवर किल्ली पडलेली सापडली. पोलिसांनी ती नेली.

मी यांना सोडलं तेव्हा यांच्या ओठाला माझ्या अंगठीचं लागलं होतं. माझ्या तळहाताला दातांचे व्रण. मी कापूस घेऊन जवळ गेले तर हे मागे सरकले. भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखली. तिचीच तर मी इतकी वर्षं वाट बघत होते, भीत भीत.

मैत्री आली तेव्हा हे तिच्यापाशी गेले. तिचा हात धरला आणि माझ्याकडे बोट दाखवून, हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून काळजी घेत म्हणाले, "पोरी, त्या बाईला घालव. माझा मुलगा बाहेर उभा होता. तिनं आत घेतला नाही."

"बाबा, ती आई आहे," मैत्री म्हणाली.

"नाही गं," हे म्हणाले. "आईनं उघडलं असतं."

त्याला महिना झाला. कांता अशी हाक परत आली नाही. मैत्री आली की तिच्या हातून जेवतात. एरवी मी ताट ठेवून बाहेर जाते, मग खातात. जिवंत आहेत, अंगावर ओरखडा नाही, मी एवढंच बघते. दाराशी ते आता बसत नाहीत. स्टूल अजून तिथेच आहे. दुपार झाली की त्यावर मी बसते, कडीवर हात ठेवून.